भाडेकरूंसकट वाडा घ्यायचा असेल तर

वाडा माझ्या नावावर झाल्यावर पहिल्या महिन्यात मी भाडं गोळा केलं ते सहाशे सतरा रुपये. पाच बिऱ्हाडं, एक शिंपी आणि एक छापखाना, सगळे मिळून. त्याच आठवड्यात मागच्या चौकातली पत्र्याची पन्हळ सुटली. ती बसवायला आलेल्या माणसाने साडेआठशे रुपये घेतले आणि शिडी आमचीच वापरली.

ही २००८ सालची, पुण्यातल्या शुक्रवार पेठेतली गोष्ट. बँकेत एकवीस वर्षं गहाणाची कागदपत्रं तपासून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. हातात पैसे होते आणि आजोळ वाड्यातलं असल्यामुळे डोक्यात चौक, तुळशीवृंदावन, सागवानी खांब असं बरंच काही होतं. हल्ली गुंतवणूक म्हणून जुना वाडा घ्यावा का, असं विचारणारा एखादा फोन दर आठवड्याला येतो. फोन करणाऱ्याने खांबांचे भरपूर फोटो काढलेले असतात. पावती पुस्तक मात्र कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. मी वकील नाही, तेव्हा व्यवहाराआधी वकील गाठाच. आणि हे पुण्याच्या पेठांपुरतं आहे. मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाला उपकर भरणाऱ्या, चाळींचं गणित वेगळं.

आधी आकडे

जुन्या भाड्याला उत्पन्न समजू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्यात मालकाला वर्षाला चार टक्के वाढ मिळते. सहाशे सतराचे चार टक्के म्हणजे चोवीस रुपये अडुसष्ट पैसे. सतरा वर्षं न चुकता वाढ लावत गेलात तरी भाडं दुप्पट होत नाही. वाढलेला मिळकतकर भाडेकरूंकडून घेता येतो, तो मात्र जरूर घ्या. पुष्कळ मालक संकोचाने सोडून देतात. दुरुस्ती मालकाच्याच गळ्यात. तुम्ही टाळलीत तर भाडेकरू रीतसर नोटीस देऊन स्वतः करून घेऊ शकतो आणि खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करू शकतो. मला पहिल्याच वर्षी कौलं उतरवून नव्याने बसवायला एक लाख चाळीस हजार लागले. त्या वेळच्या भाड्याने हिशेब केला तर जवळजवळ एकोणीस वर्षांचं भाडं.

मग पैसा येतो कुठून? रिकाम्या झालेल्या खोल्या लीव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-कराराने देऊन, नाहीतर पुढेमागे पुनर्विकास किंवा विक्री करून. म्हणजे वाड्याची किंमत दोनच गोष्टींवर ठरते: आत कोण बसलंय आणि त्या जागेवर काय करू दिलं जाईल.

मी किंमत काढली ती अशी. जागा पूर्ण रिकामी असती तर तेव्हाच्या भावाने पंच्याऐंशी लाख. सात भाडेकरूंना सरासरी तीन लाख देऊन मोकळं करायचं धरलं, गेले एकवीस. दुरुस्तीचे पंधरा, कोर्ट-कागदांचे तीन. उरले सेहेचाळीस. तेवढ्यालाच सौदा झाला आणि मी स्वतःवर खूश होते. या हिशेबात व्याज कुठेच नाही, हे माझ्या भावाने दोन वर्षांनी दाखवलं. आठ टक्क्यांनी पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो आणि भाडेकरू काही नऊ वर्षांत सगळे उठत नाहीत. आज कुणी विचारलं तर मी सांगते की असा हिशेब मांडून जो आकडा येईल तो पंधरा वर्षांनी हातात पडणार असं धरा, आणि व्याज काढून टाकल्यावर त्याची आज जी किंमत उरेल तेवढीच सांगा. मालक हसेल. हसू द्या. पंधरा वर्षं पैसे अडकून राहिले तर घरात कुणाचं लग्न, कुणाचं शिक्षण अडेल असं असेल, तर वाड्याचा नादच सोडा.

कर्जाचंही सांगून ठेवते. भाडेकरू असलेल्या वाड्यावर गृहकर्ज मिळणं फार अवघड. ज्या बँकेत मी एकवीस वर्षं इतरांच्या अर्जांवर शेरे मारले, तिथल्याच साहेबाने माझा अर्ज चहा पाजून परत दिला. त्याचं बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर चहाही पाजला नसता.

पावती पुस्तक

बाकी सगळ्याच्या आधी हे मागा. पावती पुस्तक म्हणजे भाडेपावत्यांच्या स्थळप्रती. मालक "हरवलंय" म्हणाला तर उठून या. एखादंच वर्षाचं दाखवलं तर जुनी मागा. माझ्यासमोर एका पत्र्याच्या ट्रंकेतून १९६४ पासूनची पुस्तकं निघाली होती. काही वाळवीने अर्धी खाल्लेली, पण वाचता येण्यासारखी.

पहिल्यांदा दारं मोजा आणि पावत्या मोजा. आमच्या वाड्यात कुलूपबंद धरून दहा दारं होती, पावत्या सात. एक खोली मालकाच्याच सामानाची, एक मोरी. दहावी जिन्याखालची, तिथे एक गृहस्थ छत्र्या दुरुस्त करत बसायचे. भाडं नाही, पावती नाही, करार नाही. ते किती वर्षं बसतात, कुणाच्या परवानगीने बसतात, हे खरेदीखताच्या आधी मालकाकडून लिहून घेतलं आणि त्या गृहस्थांकडूनही. नंतर महावितरणचे मीटर मोजा आणि प्रत्येकावर कुणाचं नाव आहे ते बघा. पावती एकाची, मीटर दुसऱ्याचा आणि दारात तिसऱ्याच्या चपला असतील, तर पोटभाडेकरू आहे असं समजून चौकशी सुरू करा. महापालिकेच्या आकारणी नोंदवहीचा उताराही काढा. त्यात मालकाबरोबर भोगवटादारांची नावं सापडतात आणि पावती पुस्तकातल्या थापा तिथे उघड्या पडतात.

मग एकेक पावती वाचायची. कुणाच्या नावावर आहे? तो हयात आहे का? आमच्याकडे सातपैकी चार पावत्या मेलेल्या माणसांच्या नावे फाडल्या जात होत्या. एक तर १९७९ साली वारलेल्या आजोबांच्या नावे. मालकाला वाटायचं, नाव बदललं तर नव्या पिढीला हक्क देऊन बसू. कायदा वेगळंच म्हणतो. राहत्या जागेत मूळ भाडेकरू वारला त्या वेळी कुटुंबातलं जे माणूस त्याच्याबरोबर राहत होतं, ते भाडेकरू ठरतं. दुकानाच्या जागेत त्याच्याबरोबर धंदा करणारं. पावतीवर नाव कुणाचंही असो. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाचं एक पान करा: मूळ भाडेकरू कोण, कधी वारला, त्या दिवशी घरात कोण कोण होतं, त्या वेळच्या रेशनकार्डावर कुणाची नावं. त्या पानाने मला एका ठिकाणी वाचवलं, आणि एका ठिकाणी मीच ते पान नीट भरलं नव्हतं. त्याबद्दल पुढे.

आणखी एक तारीख पाठ करा: १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी लायसन्सवर ताब्यात असलेला माणूस कायद्याने संरक्षित भाडेकरू झाला. तेव्हा "तो भाडेकरू नाही हो, नुसता लायसन्सी आहे" हे मालकाचं म्हणणं जुन्या करारावर तपासून घ्या. उलट बाजूने, एखादी जागा बँकेला, सार्वजनिक उपक्रमाला किंवा एक कोटी रुपये वा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपनीला दिलेली असेल, तर तिला भाडे नियंत्रणाचं छत्रच नाही. तळमजल्यावर असा भाडेकरू असलेला वाडा दिसला तर मी बाकी कामं टाकून बघायला जाईन.

पुस्तकात सलग काही महिने कोऱ्या स्थळप्रती दिसल्या की विचारा. भाडेकरू देत नाही, की मालक घेत नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. मालकाने भाडं नाकारलं आणि भाडेकरूने मनीऑर्डरी केल्या, त्या परत आल्या, आणि तो ती चिटोरी जपून बसलाय, असं पेठेत घरटी एक उदाहरण सापडेल. अशा माणसावर थकबाकीचा दावा लावलात तर तोंडघशी पडाल. खऱ्या थकबाकीदारालाही कायदा आधी नव्वद दिवसांची नोटीस देतो, आणि दावा लागल्यावर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत पंधरा टक्के व्याजासकट पैसे भरले की त्याची जागा शाबूत. आणि खरेदीआधीची थकबाकी आपोआप तुमची होत नाही. हवी असेल तर खरेदीखतात तसं लिहून घ्यावं लागतं.

मालक किती, बहिणी किती

सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि तिच्यावरची प्रत्येक फेरफार नोंद वाचा. माझ्या वेळी बोलणी करायला चार भाऊ येत. दोन बहिणी आहेत हे मला चौथ्या बैठकीत चहाच्या कपाबरोबर समजलं. एक इचलकरंजीला, एक अमेरिकेत. "त्यांचं काही म्हणणं नाही" हे वाक्य ऐकलं की समजावं, त्यांना कुणी विचारलेलंच नाही. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हिस्सेदार आहे आणि त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. दोघींच्या सह्या होईपर्यंत मी सात महिने थांबले. अमेरिकेहून कुलमुखत्यारपत्र आलं, ते इथे रीतसर करून घेतलं, मगच पैसे दिले.

एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने घेतला तर त्याला आत येऊन राहण्याचा हक्क मिळत नाही, वाटणीचा दावा तेवढा हातात येतो. अशा हिश्श्यांवर धंदा करणारे लोक पेठांत आहेत. तो धंदा तुमचा-माझा नव्हे.

तीस वर्षांच्या दस्तांचा शोध (सर्च), पेपरात जाहीर नोटीस, हे वकील करतीलच. तुम्ही ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर मालकांची आणि भाडेकरूंची नावं टाकून स्वतः बघा. पुण्यात मालक-भाडेकरूंचे दावे लघुवाद न्यायालयात असतात. चालू दाव्यातली मिळकत घेतलीत तर निकाल तुमच्यावरही बंधनकारक. मुद्रांक शुल्क सध्या पुण्यात सात टक्के धरा, नोंदणी जास्तीत जास्त तीस हजार, आणि किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याच्या पैशातून एक टक्का आयकर (टीडीएस) तुम्ही कापून भरायचा. रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) सूचनांत भाडेकरू असलेल्या मिळकतीच्या मूल्यांकनाचा भाग वेगळा असतो, तो वकिलाला लावायला सांगा. पुष्कळदा रिकाम्या जागेच्या दराने शुल्क भरून लोक मोकळे होतात.

नकाशावरच्या रेघा

शुक्रवार पेठेच्या आधी मी कसब्यात एक वाडा बघितला होता. दोन चौकी, नक्षीची दिंडी, आणि किंमत निम्मी. तीनच भाडेकरू. मला वाटलं, देवच पावला. वकिलाने फक्त एक प्रश्न विचारला: "शनिवारवाड्यापासून किती लांब?" शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यानुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकामच होत नाही, तिथे परवानगी काढून दुरुस्ती तेवढी करता येते. पुढच्या दोनशे मीटरमध्ये बांधकामाला वेगळी परवानगी लागते. तो वाडा सत्तर मीटरवर होता. पडला तर जागेवर तुळस लावायची, बाकी काही नाही. तरीही तुम्हाला वाडा वाडा म्हणूनच जपायचा असेल, तर अशी जागा वाईट नाही. फक्त किंमत काढताना पुनर्विकासाचा रकाना शून्य ठेवा.

महापालिकेच्या वारसा यादीत वाडा आहे का आणि कुठल्या श्रेणीत, हे बघा. श्रेणी एकमध्ये जवळपास कशालाच हात लावता येत नाही, खाली येऊ तशी सवड वाढते, पण वारसा समितीकडे जावंच लागतं. २०१७ साली मंजूर झालेल्या विकास आराखड्याच्या नकाशावर रस्तारुंदीची रेघ तुमच्या ओसरीतून जाते का, तेही. आमच्या समोरच्या वाड्याची पुढची खोली अशी कागदावर रस्त्यात आहे. खोली जागेवरच आहे, पण गिऱ्हाईक मिळत नाही.

धोकादायक वाड्याची नोटीस हा निराळा विषय. पावसाळ्याआधी महापालिका पाहणी करून नोटिसा लावते. काही दलाल ती नोटीस पेढ्यासारखी पुढे करतात: घ्या, आता भाडेकरू फुकटात जातील. तसं होत नाही. सांगलीच्या एका प्रकरणात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही. वाडा जमीनदोस्त झाला तरी सात नावं तुमच्या रिकाम्या जागेवर उभीच.

दाभण

लाकूड बघायला मी एका म्हाताऱ्या सुतारमिस्त्रींना घेऊन गेले. ते येताना पिशवीत फक्त दाभण आणि विजेरी घेऊन आले. वर बघितलंच नाही त्यांनी. प्रत्येक खांबाजवळ उकिडवे बसत, तळखड्याला, म्हणजे खांबाखालच्या दगडाला, जिथे लाकूड टेकतं तिथे दाभण टोचत. दाभण अर्धा इंच जाऊन अडला की पुढचा खांब. सहाव्या खांबाला, मागच्या पडवीत, दाभण मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी तो काढला, टोक बोटावर पुसलं आणि मला दाखवलं: ओला भुसा. बाहेरून खांबाला चकचकीत ऑइलपेंट होता.

कारण कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी कधीतरी पडवीत सिमेंटची फरशी घालून ती खांबाच्या बुडाभोवती चांगली चार बोटं चढवली होती. जुना तळखडा याचसाठी उंच ठेवलेला असतो की पाणी लाकडाला लागू नये. सिमेंटने तो गाडला गेला आणि मोरीचं पाणी खांबाच्या बुडाशी साठत राहिलं. मिस्त्रींनी तुळईला (खांबावरच्या आडव्या लाकडाला) दोन बाजूंनी जॅक लावला, खांबाचा दीड फूट बुंधा कापला, जुन्या सागाचा तुकडा खाच पाडून सांधला आणि फरशी फोडून तळखडा मोकळा केला. अकरा दिवस गेले, खर्च अठरा हजार. नवा लोखंडी आय-बीम घाला असं सांगणारा कंत्राटदार सव्वा लाख मागत होता.

वाड्यात भार बहुतेक खांब, तुळया आणि त्यांवरच्या बारीक लाकडांवर, कड्यांवर असतो. मधल्या मातीच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं की बघणारा घाबरतो, पण त्या बऱ्याचदा नुसत्या आडोशाला असतात. खांब आणि तुळयांची टोकं, म्हणजे भिंतीत शिरलेला भाग, तिथे खरं बघायचं. पांढऱ्या मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर दर वेळी शंका घ्या. ओल आत कोंडते. नदीकाठच्या पेठांत, नारायण, शनिवार, कसबा, एक प्रश्न जास्तीचा: १२ जुलै १९६१ ला, पानशेतच्या पुरात, पाणी कुठपर्यंत होतं? म्हातारी माणसं भिंतीवर हात ठेवून दाखवतात. त्या खुणेच्या खालचं काम बरेचदा नंतरचं, घाईत सांधलेलं असतं.

वायरिंग पूर्ण नवं करा. यावर चर्चा नको. कापडी वेष्टनाच्या वायरी, कोरडं सागवान आणि वरच्या मजल्यावर इस्त्री चालवणारा शिंपी.

खरेदीनंतर

पहिल्या आठवड्यात प्रत्येक भाडेकरूला जुन्या आणि नव्या मालकाच्या सहीचं पत्र द्या: अमुक तारखेपासून भाडं यांना द्यावं. पोच घ्या. पावत्या न चुकता द्या; न देणं हा गुन्हा आहे, आणि पावती नाकारणारा मालक कोर्टात पहिल्या दिवशीच अर्धा हरलेला असतो. पाणी किंवा वीज तोडून कुणाला काढायचा विचार स्वप्नातसुद्धा नको.

माझ्या सातांपैकी चारजण आजवर उठले, चौघेही तडजोडीने. तडजोडीचं बोलणं मालकाने सुरू करू नये. दोन-तीन वर्षं कौलं नीट ठेवायची, संडास दुरुस्त करायचा, गणपतीला आरतीला जायचं. ज्याच्या मुलाने धायरीला किंवा वारज्याला फ्लॅट बुक केलाय तो स्वतः येतो. आता चूक सांगते. १९७९ साली वारलेल्या आजोबांच्या नावाची जी पावती होती, तिथला थोरला नातू २०११ मध्ये आला. साडेतीन लाखांवर ठरलं. शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलं, नोटरी केली, किल्ली घेतली, त्याला साडीचोळीसकट निरोप दिला. आठ महिन्यांनी त्याची काकू आली. आजोबा वारले तेव्हा ती नवी सून म्हणून त्याच खोलीत राहत होती, आणि तिच्याकडे त्या वेळचं रेशनकार्ड होतं. मला आणखी सव्वा लाख द्यावे लागले. काकूचं काही चुकलं नव्हतं. माझ्या वहीतलं तिचं पान रिकामं होतं.

तेव्हापासून ताबा सोडल्याचा दस्त मी नोंदणीकृतच करते, सगळ्या वारसांच्या सह्यांनी. अर्धे पैसे नोंदणीला, उरलेले किल्ली देताना. रिकाम्या खोलीचे फोटो, मीटर बंद केल्याचा अर्ज, पावती पुस्तकात तांबड्या शाईने शेवटची नोंद. भाडेहक्क सोडण्यासाठी पैसे देण्याघेण्याला १९९९ च्या कायद्याने मान्यता आहे, तेव्हा रोख, टेबलाखालून असलं काही करू नका. चेकने द्या.

कोर्टाचा रस्ता मी एकदाच धरला, छापखान्यासाठी. ऑफसेट आल्यावर तो बंदच पडला होता, मालक वर्षातून एकदा खंडेनवमीला शटर उघडून यंत्राला हार घालायचा. जागा सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरात नसेल तर ताबा मागता येतो. माझा मुख्य पुरावा म्हणजे तीन वर्षांची विजेची बिलं, युनिट शून्य. २०१३ ला दावा, २०१९ ला निकाल माझ्या बाजूने, आणि त्यावरचं अपील अजून चालू आहे. शटरसमोर मी रोज सायकल लावते, आत जाता येत नाही. मालकाच्या स्वतःच्या गरजेचं कारणही कायद्यात आहे, पण तिथे जास्त अडचण कुणाची होईल हे तोललं जातं. तुमचा कोथरूडला तीन बेडरूमचा फ्लॅट असेल तर पारडं कुठे झुकेल ते सांगायला नको.

सुटलेल्या खोल्या मी नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्सनेच देते. खोली राहण्यासाठी दिली असेल आणि मुदत संपून माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा तक्रारींसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. एकीत एक वास्तुविशारद आहे, एकीत तबल्याचा क्लास, दोन एकत्र करून एका संस्थेचं ऑफिस. तिन्ही मिळून महिन्याला बेचाळीस हजार येतात. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढा म्हणून दोघेजण मागे लागले होते, दीडपट द्यायला तयार होते. माडीवर साठ खुर्च्या, साठ चार्जर आणि एकच लाकडी जिना. नको म्हटलं. खानावळीलाही नको म्हटलं.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात कौलं शाकारायला माणूस बोलवा, जूनमध्ये तो सापडत नाही. पन्हळी त्याच्याकडूनच साफ करून घ्या आणि शंभर-दीडशे मंगलोरी कौलं चौकात जास्तीची रचून ठेवा. जुन्या छापाची कौलं पुढच्या वर्षी मिळतीलच असं नाही.

जुन्यांपैकी आता छापखाना सोडला तर दोघे आहेत. शिंपीमास्तर, आणि सत्तावीस रुपये भाडं असलेल्या दुसऱ्याच एक काकू, ज्यांचं वाढून आता बावन्न झालंय. दर महिन्याच्या पाच तारखेला त्या बरोबर सुटे पैसे मोजून आणतात आणि पावती हातात पडेपर्यंत हलत नाहीत. "ताई, तारीख नीट घाला." वय ब्याऐंशी. वीस वर्षं चिंचवडला राहणारा त्यांचा मुलगा दिवाळीपासून दर शनिवार-रविवार मुक्कामाला येतो, आणि गेल्या महिन्यात त्याने मला सहज विचारलं की रेशनकार्डावर त्याचं नाव इकडे लावून घ्यायला मालकाचं पत्र लागतं का. मी त्याला चहा दिला. तो गेल्यावर वहीतलं काकूंचं पान काढलं आणि तारीख घातली.